शेवरीच्या नाकातली जळू

केवळाबाईनं आयुष्यात कधी "माझं चुकलं" म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही, आणि तिच्या नवऱ्याला तर मुळीच नाही. शेषेराव सांगतो, लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिनं वरणात दोनदा मीठ टाकलं. सासऱ्यानं एक घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला. नवी सून पदर सावरत म्हणाली, "मामा, तुमच्या तोंडाला चव न्हाई. ताप येऊन राहिलाय का बघा." गंमत म्हणजे त्या बिचाऱ्यानं खरोखर कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हापासून घरात तिच्या शब्दाला शब्द देण्याची कुणाची टाप नाही. शेषेराव अंगानं तिच्या दुप्पट, पण त्यानं ही लढाई पहिल्या वर्षीच सोडून दिली.

बाई नुसती तोंडाळ असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण तिच्या हातात गुण होता. उन्हाळ्यात ओढा आटून डबकी उरली की गुरं त्यातलंच पाणी पितात, आणि पाण्याबरोबर सुतासारखी बारीक जळू नाकात शिरते. आत बसून रक्त पिते, फुगते. मग जनावर शिंकतं, डोकं झाडतं, नाकातून रक्त गळायला लागतं. केवळाबाईचा उपाय तिच्या मावशीकडून आलेला. संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत जनावराला पाणी दाखवायचं नाही. मग काठोकाठ भरलेली परात नाकाखाली धरायची. पाण्याचा गारवा लागला की जळू तोंड बाहेर काढते. तेवढ्यात राखेत बुडवलेल्या दोन बोटांनी तिला धरायचं आणि न तोडता ओढून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांनी करून पाहिलं, त्यांच्या वाट्याला अर्धी जळू आणि बैलाची अख्खी लाथ आली.

त्यामुळं देवणी, उदगीर, पार बिदरच्या बाजूची माणसं जनावर घेऊन तिच्या दारात यायची. ती कुणाचा नारळही घेत नसे, उलट चहा पाजून पाठवायची. पण निघालेली जळू जमलेल्या सगळ्यांना दाखवल्याशिवाय मिठात टाकत नसे. मान घ्यायचा तो चारचौघांत, हे तिचं तत्त्व होतं.

शेषेराव स्वतः बैलांचा माणूस. देवणी जातीची जनावरं त्यांच्या घरात तीन पिढ्यांची. प्रदर्शनात वेसण धरून, फेटा बांधून उभा राहिला की तो बैलापेक्षा जास्त फुगतो, असं गावातले टगे म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. या देवणी गुरांत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले की त्याला शेवरा म्हणतात. एके दिवशी आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या गोठ्यावर, कुणीतरी डोळेही न उघडलेलं कुत्रीचं पिल्लू टाकून गेलं. पांढरं, वर काळे ठिपके. केवळाबाईनं कापसाच्या वातीनं दूध पाजून ते जगवलं आणि नाव ठेवलं शेवरी.

"बैलाच्या वाणाचं नाव कुत्रीला?" शेषेराव कळवळला. "आमच्या खानदानाची अब्रू घालवलीस की."

"तुमच्या बैलानं एकदा तरी राखण केली का गोठ्याची?" केवळाबाई म्हणाली. संपलं.

शेवरीनं मात्र नावाचं सोनं केलं. वासरांच्या दावणीशी ती झोपायची. एकदा लांडगा आला तर त्याच्यापुढं एकटी उभी राहिली, त्यात तिचा उजवा कान फाटला. दोन्ही लेकी सासरी, मुलगा पुण्याला नोकरीत; दिवसभर केवळाबाईशी बोलायला आखाड्यावर ही एकटीच. शेषेराव लोकांदेखत तिला "हाड हाड" करायचा, आणि कुणी नसलं की आपल्या भाकरीतला चतकोर तिच्यापुढं टाकायचा.

त्या शेवरीच्या नाकातून गेल्या उन्हाळ्यात रक्त यायला लागलं.

"जळू," केवळाबाई म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात शंकेला जागाच नव्हती. तिनं कुत्रीला खांबाला बांधलं, दुसऱ्या दुपारी परात धरली. बघायला शेजारचे आप्पासाहेबही आले. ते एकेकाळचे सरपंच. आता गावातल्या बातम्या इकडून तिकडं पोचवणं एवढंच काम त्यांच्याकडं उरलंय. परातीतलं पाणी हललं नाही. जळू आली नाही. शेवरीनं मात्र पाणी बघून असा काही आवाज काढला, की शेषेरावाला तिथं थांबवेना.

"खोल बसलीय," केवळाबाई म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा. गायीला बघायला आलेला सरकारी दवाखान्याचा डॉक्टर जाता जाता म्हणाला, "काकू, ही जळू वाटत नाही. हिला उदगीरला न्या, जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे तिथं." केवळाबाईनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "तुम्ही गाय बघा."

शेवरी वाळत चालली. नाकाचं हाड एका बाजूनं वर आलं. श्वास तोंडानं चालू झाला. शेषेरावानं एकदा धीर करून विचारलं, "आगं, जळू नसंल तर?"

"मग काय आसंल? तुम्हाला ठाव हाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. आणि एका सकाळी केवळाबाई आखाड्यावर आली तर शेवरी तिला बघून उठलीच नाही. शेपटी तेवढी एकदा मातीवर आपटली. केवळाबाई तिच्यापाशी उकिडवी बसली, फाटक्या कानावरून हात फिरवला. मग शेषेरावाकडं न बघता म्हणाली, "टेम्पो बघा. उदगीरला जायचंय."

आता कुत्रीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे शेषेरावाची पंचाईत. ज्या गावात माणसं स्वतःचे गुडघे धरून घरी बसतात, तिथं कुत्रीसाठी टेम्पो? प्रदर्शनात फेटा बांधणारा माणूस कुत्री मांडीवर घेऊन चाललेला कुणी पाहिला तर पुढची दहा वर्षं गावाला दुसरा विषय लागणार नाही. म्हणून त्यानं शेवरीला वैरणीच्या टोपल्यात बसवलं, वरून गोणपाट टाकलं आणि आप्पासाहेबांना सांगितलं, "मंडळीचा गुडघा दाखवायचाय." शेळ्या-वासरं बाजाराला नेणारा अमरनाथ टेम्पोवाला तेवढा खरं जाणत होता. त्याला शेषेरावानं स्वतःच्या बैलांची शपथ घातली.

तपासायला प्रियदर्शनी नावाची तरुण डॉक्टर होती. कुत्री चावू नये म्हणून केवळाबाईनं बैलाच्या मुसक्यासारखं छोटं मुसकं सुतळीनं विणून आणलं होतं. डॉक्टरनं ते हातात घेऊन कौतुकानं पाहिलं, पण घालू दिलं नाही. "मावशी, हिचं नाक बंद आहे. तोंडही बांधलं तर श्वास कुठून घेईल?" मग तिनं कापसाच्या काडीनं नाकातलं थोडं काढलं, काचेवर पसरलं आणि आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं परत येऊन ती केवळाबाईच्या शेजारी बाकावर बसली.

"गाठ आहे आत. कॅन्सरची."

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "जळू हाय. नीट बघा."

शेषेरावाला वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. पण डॉक्टर चिडली नाही. तिनं केवळाबाईला आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत जांभळे गोल गोल दाणे दिसत होते, ज्वारी सांडावी तसे. "हा कुत्र्यांचा रोग आहे, मावशी. एकमेकांना हुंगून, चाटून लागतो. माणसाला नाही, गुरांनाही नाही. पण हा औषधाला ऐकतो. दर आठवड्याला एक इंजेक्शन, पाच-सहा तरी लागतील. एकही चुकवायचं नाही. आणलीत ते बरं केलंत. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

केवळाबाईनं पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला आपलंच म्हणणं तपासून बघताना दारातल्या शेषेरावानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याला त्याचा जराही आनंद झाला नाही.

इंजेक्शनच्या वेळी तो बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. आवारात एक माणूस म्हैस घेऊन आला होता, तो प्रदर्शनात भेटलेला वाटला. शेषेरावानं उपरणं डोक्यावरून घेऊन गालापर्यंत ओढलं. तेवढ्यात आतून केवळाबाईची हाक आली. ती हाक दुसऱ्यांदा यायची वाट बघायची नसते, हे त्याला माहीत होतं.

आत शेवरी मरणाची झटापट करत होती. डॉक्टर म्हणाली, "काका, हे औषध शिरेतच गेलं पाहिजे. थेंबभर जरी बाहेर सांडलं तर पायाचं मांस सडतं. हिला दगडासारखं स्थिर धरायचं. परक्याच्या हातात राहत नाही ती."

उधळलेले बैल धरणारे हात ते. शेषेराव खाली बसला, शेवरीला मांडीवर घेतलं, एका हातानं तिचा पुढचा पाय कोपरापाशी आवळला, दुसऱ्यानं छाती. केवळाबाईनं डोकं धरलं. कुत्रीचं काळीज त्याच्या तळहाताखाली धडधडत होतं. तो बैलांशी बोलतो तसं हळू आवाजात काहीबाही पुटपुटत राहिला, आणि शेवरी शांत झाली. सुई गेली, औषध गेलं, सुई निघाली. म्हशीवाला दारात उभा राहून बघत होता, हे शेषेरावाला नंतर कळलं.

त्या दिवशी आखाड्यावर परतल्यावर केवळाबाईनं शेवरीपुढं पाण्याचं भगुनं भरून ठेवलं. ती दोन घोट प्याली की ही पुन्हा भरायची. अर्धं रिकामंसुद्धा होऊ दिलं नाही. शेषेराव बघत होता.

पुढचे आठवडे केवळाबाईनं हे काम असं केलं, की वऱ्हाडाचा स्वयंपाकही तिनं कधी इतका चोख केला नसेल. इंजेक्शननंतर दोन दिवस कुत्रीची ओकारी, लघवी उघड्या हातानं पुसायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलेलं. ही हातमोजे घालून राख टाकायची, दूर नेऊन पुरायची. गावातली दुसरी कुत्री आखाड्याकडं फिरकली की काठी घेऊन धावायची. भात शिजवून, अंडं कालवून हातानं भरवायची. एका आठवड्यात अमरनाथचा टेम्पो बंद पडला. केवळाबाई टोपलं डोक्यावर घेऊन चालत निघायच्या बेतात होती. तेव्हा शेषेरावानं प्रदर्शनाची बैलजोडी, जिला तो नांगरालासुद्धा जपून जुंपायचा, ती गाडीला जुंपली आणि शेवरीला देवणीच्या स्टँडपर्यंत नेलं. तिथून दुसरी गाडी केली. गोणपाट मात्र अजून टोपल्यावर होतंच.

रक्त थांबलं. नाकाची सूज उतरली. एके दिवशी वासरांकडं आलेल्या उनाड डुकरावर शेवरी अशी भुंकली, की शेषेराव भाकरी टाकून उठला. भुंकणं ऐकून इतकं बरं वाटेल असं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि ते पुसायला त्यानं फेट्याचं टोक घेतलं.

आणि इथंच त्यानं घोळ केला. आप्पासाहेबांनी विचारलं, "शेषेराव, कुत्री ठणठणीत झाली की रे. काय केलं?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "निघाली की जळू. वीतभर होती." बायकोचा शब्द खाली पडू नये, असं त्यानं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे दर आठवड्याला टोपल्यातून कुत्री नेली, हे त्याला सांगायचं नव्हतं. आप्पासाहेबांच्या तोंडून निघालेली वीतभर जळू चावडीवर हातभर झाली, आणि देवणीच्या बाजारात पोचेपर्यंत ती केवळाबाईच्या मनगटाला वेटोळं घालून बसली होती. बाईचं नाव पूर्वी कधी नव्हतं एवढं गाजलं. केवळाबाईला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ती दिवसभर आखाड्यावर, आणि तिनंच केलेलं तिला कोण कशाला सांगेल?

शेवटच्या सुईच्या वेळी डॉक्टरनं नाकात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाली, "गेली गाठ. आता महिन्यानं दाखवा." त्याच आठवड्यात सीमेपलीकडचा, बिदर बाजूचा मलप्पा दारात आला. बरोबर मोटारसायकलला बांधलेल्या खोक्यात एक तांबडा कुत्रा. ओट्यावर नेहमीचे पाच-सात जण जमले. आप्पासाहेब सगळ्यांत पुढं.

"आक्का, तुमचं नाव ऐकून आलो बघा," मलप्पा म्हणाला. "तुमच्या कुत्रीच्या नाकातनं हातभर जळू काढलात म्हणं. ह्याचं बी तसंच रक्त जाऊन राहिलंय. कालधरनं पाणी दाखवलो न्हाई ह्याला. तयार करूनच आणलो."

केवळाबाईनं मान वळवून शेषेरावाकडं पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं. शेषेरावानं डोळ्यांनीच विनवलं: जाऊ दे, गप बस, काय बिघडतंय. खरोखर काहीच बिघडत नव्हतं. कुत्र्याला "माझ्यानं होणार न्हाई" म्हणून परत पाठवलं असतं, तरी नाव तसंच राहिलं असतं.

केवळाबाईनं कुत्र्याचं तोंड उजेडाकडं केलं, नाकाच्या हाडावरून बोट फिरवलं. मग ती आत गेली आणि पाण्याचं भगुनं घेऊन आली. परात नाही, भगुनं. ते तिनं कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्रा घटाघटा प्यायला लागला.

"आवं वैनी," आप्पासाहेब ओरडले, "पाणी पाजलं तर जळू निघंल कशी?"

"जळू न्हाई," केवळाबाई म्हणाली. ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा तिचा आवाज होता, जळू दाखवताना असायचा तसाच. "ह्याच्या बी न्हाई, आन आमच्या शेवरीच्या बी नव्हती. हातभर न्हाई, बोटभर न्हाई. कॅन्सरची गाठ होती. मला कळलं न्हाई. भर उन्हाळ्यात त्या मुक्या जिवाला मी पाण्याविना खांबाला बांधलं. एकदा न्हाई, तीनदा. माझं चुकलं. उदगीरच्या डॉक्टरीणबाईनं सुया दिल्या म्हून ती आज उभी हाय."

कुत्र्याच्या पाणी पिण्याचा आवाज तेवढा येत होता. मग ती मलप्पाकडं वळली. "बघ, इथं हाड सुजलंय. जळूनं हाड सुजत न्हाई. आता घरी नेऊ नको ह्याला. मी येते तुझ्यासंगं."

सगळ्यांच्या माना शेषेरावाकडं वळल्या. वीतभर जळू त्याचीच होती. त्याला तोंड वर करवेना. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते त्याला आवरेना. पहिलं बक्षीस मिळालेल्या बैलाबरोबर गावातून मिरवताना त्याला जे वाटलं होतं, ते याच्यापुढं काहीच नव्हतं. ज्या बाईनं खारट वरण सासऱ्याला वाढलं, पण चूक कबूल केली नाही, तिनं आयुष्यभराची कमाई भर ओट्यावर उधळली. एका परक्या माणसाच्या कुत्र्यासाठी. तो उठला आणि अमरनाथला फोन लावला.

त्यानंतर कितीतरी दिवस दारात कुणाचं जनावर आलं नाही. शेषेरावाला ते फार लागलं. केवळाबाई म्हणायची, "न्हाई आले तर न्हाई आले. माझा चहा वाचला." पण दुपारी तिची नजर वाटेकडं जायची, हे त्यानं पाहिलं होतं.

दिवाळीच्या सुमारास तो देवणीच्या बाजारात गोऱ्हा बघायला गेला. भोकरकडचा एक व्यापारी चार जणांना रंगवून सांगत होता, "जनावराच्या नाकातनं रक्त आलं ना, तर सरळ हिकडं एका गावात बाई हाय तिच्याकडं न्या. ती जळू म्हणली तर जळूच. जाग्यावर काढून देते. न्हाई म्हणली तर पळत दवाखाना गाठायचा. एकदा चुकली म्हणं ती, तर गावासमोर सांगितली की चुकले म्हून. आपली चूक सांगणारं माणूस तुम्हाला खोटं कामून सांगंल?"

"आसं व्हय," ऐकणारा म्हणाला.

"हाव. बाई लई खरी. नवरा मात्र लबाड निघाला. कुत्री टोपल्यात लपवून नेत होता, आन गावात सांगत होता का जळू निघाली."

सगळे हसले. शेषेरावानं गोऱ्ह्याचं दावं सोडलं. हळूच काढता पाय घेतला असता तरी चाललं असतं, इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. डोक्यावर फेटा होता. तो त्यानं नीट केला आणि त्या घोळक्यात शिरला.

"तो लबाड नवरा मीच," तो म्हणाला. "टोपल्यात मीच लपवली. पर दर सुईला मांडीवर धरून बी मीच बसलो होतो, लिहून घ्या. आन ती जी बाई तुम्ही म्हणून राहिलात ना, ती माझी बायको हाय."

हे शेवटचं त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की पलीकडच्या दावणीचे बैलसुद्धा कान टवकारून त्याच्याकडं बघायला लागले.